सर्व्हर डाऊन शे

जून २०२४. पुण्यात सकाळचे आठ वाजले होते आणि मामाचा फोन आला. मामा शिरपूर तालुक्यात तापीकाठच्या एका गावात केळी लावतो. आदल्या रात्री वारं सुटलं आणि निसवलेली बाग आडवी झाली, हे त्यानं एका वाक्यात सांगितलं. त्यात रडारड नव्हती. दुसऱ्या वाक्यात तो मुद्द्यावर आला, "भाऊ, सर्व्हर डाऊन शे. फोटू जात नही. सकायपाईन गोल फिरी राह्यनं."

नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं, असा विम्याचा नियम. कळवायचं म्हणजे मोबाइलवरून फोटो टाकायचे. मामेभावानं पहाटेच बागेत जाऊन वीस-बावीस फोटो काढले होते, पण त्यातला एकही वर चढत नव्हता. मी इंजिनिअर, त्यात पुण्यात राहतो, म्हणजे माझं इंटरनेट जोरात असणार असा घरच्यांचा समज. मामा म्हणाला, "तूच टाकी दे तठून." मी म्हटलं, पाठवा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. झोपलेली खोडं, चिखलात घड, एका फोटोत कोपऱ्यात मामाचे पाय. मी ते अपलोड करायला गेलो तर उत्तर आलं, या फोटोत ठिकाण आणि वेळ नाही. बरोबरच होतं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करताना त्याच्या पोटातली ती माहिती काढून टाकतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती राहते. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण माझी नोकरीच फोटोंच्या पोटातली माहिती वाचण्याची आहे. पण मामाचे फोटो मामाचे म्हणून बघत होतो, फाइल म्हणून बघत नव्हतो. मग पुन्हा फोन, पुन्हा मामेभावाला समजावणं, गावात रेंज नाही म्हणून त्याचं मोटारसायकलवर शिरपूरला जाणं. शेवटी तिसऱ्या दिवशी पहाटे दोनला फोटो गेले. पुढं पैसे मिळाले. किती आणि कधी, हा वेगळा विषय आहे.

त्या दिवशी ते अ‍ॅप का लटकलं होतं ते मला ठाऊक नाही. वादळानंतर सगळा तालुका एकाच वेळी फोटो टाकायला बसला असेल, एवढंच असेल. हा लेख त्या अ‍ॅपबद्दल नाही. तो त्यानंतर सव्वा वर्षानं माझ्या टेबलावर आलेल्या एका बगबद्दल आहे, आणि मी त्याचं काय केलं त्याबद्दल.

आधी ती पोटातली माहिती. डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोत चित्राबरोबर एक चिठ्ठी असते. कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं, फ्लॅश होता का, आणि मोबाइल असेल तर अक्षांश-रेखांश. एक्झिफ नावाचं हे मानक जपानी उत्पादकांच्या संघटनेनं १९९५ साली आणलं. चित्राबद्दलची ही माहिती म्हणजे मेटाडेटा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो धुळ्यात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि त्याच महिन्यात रूममेटबरोबर राजवाडे संशोधन मंडळात गेलो होतो. अभ्यासासाठी नाही, बाहेर ऊन होतं म्हणून. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेले कागद सांभाळायला हे मंडळ निघालं. तिथं एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं की जुन्या मराठी पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, पण साल नसतं. मग अक्षरावरून, आतल्या माणसांवरून, कुठल्या लढाईचा उल्लेख आहे त्यावरून साल काढायचं. रूममेट बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणजे मेटाडेटा करप्ट झालाय." आम्ही खूप हसलो. आता वाटतं, त्यानं बरोबरच सांगितलं होतं.

तर आमची कंपनी. नाव नको. शेतातल्या, गोदामातल्या, रस्त्यावरच्या पाहणीचे फोटो गोळा करणं, त्यातली वेळ आणि जागा तपासणं आणि पुढच्या माणसाकडे पाठवणं हे तिचं काम. फोटो येतो, रांगेत लागतो. चार वर्कर, म्हणजे चार प्रोग्रॅम, रांगेतून एकेक फोटो उचलतात, चिठ्ठी वाचतात, पुढचा उचलतात. चिठ्ठी वाचायचं काम आम्ही स्वतः लिहिलेलं नाही, कोणीच लिहीत नाही. त्यासाठी एक्झिव्ह२ नावाची मुक्त-स्रोत लायब्ररी आहे. आंद्रेआस हुगेल यांनी २००४ साली ती सुरू केली, पुढं बरीच वर्षं रॉबिन मिल्स यांनी सांभाळली. डिजिकॅम, डार्कटेबल ही फोटोवाल्यांची सॉफ्टवेअर तिच्यावर उभी आहेत, जिंपही फोटोची चिठ्ठी तिच्याकडूनच वाचून घेतं. जगभर एवढी वापरली जाणारी ही गोष्ट मूठभर लोक सांभाळतात, त्यातले बरेच आपापल्या नोकऱ्या करून.

ऑगस्ट २०२५च्या शेवटी एक्झिव्ह२ची ०.२८.६ ही आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर एक सूचना, सीव्हीई-२०२५-५५३०४. सूचनेचा सारांश असा की, विशिष्ट प्रकारे बनवलेली जेपीजी फाइल वाचताना लायब्ररी फार वेळ घेऊ शकते. सेवा ठप्प होऊ शकते. दुरुस्ती केली आहे, नवी आवृत्ती घ्या.

हा दोष समजून घ्यायला फार गणित लागत नाही. जेपीजी फाइल ही डब्यांची मालगाडी असते. प्रत्येक डब्याच्या सुरुवातीला त्याची लांबी लिहिलेली असते आणि ती लिहायला दोनच बाइट, म्हणून एका डब्यात ६५,५३५ बाइटांपेक्षा जास्त माल मावत नाही. फोटोतले रंग पडद्यावर नेमके कसे दिसावेत याची एक माहिती असते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. ती एका डब्यात मावली नाही तर तुकडे करून अनेक डब्यांत भरतात आणि वाचणाऱ्यानं ते जोडून घ्यायचे असतात.

एक्झिव्ह२ ते जोडत होती, पण कशी? समजा मामा मजुरीचा हिशेब वहीत लिहितो. दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढली, तर त्याच वहीत खाली लिहायची. पण मामा दर वेळी नवी वही आणतो, जुन्या वहीतलं सगळं तिच्यात उतरवतो, मग ती एक ओळ लिहितो आणि जुनी वही फेकून देतो. पाच ओळींपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. हजार ओळींच्या हिशेबाला मात्र त्यानं पाच लाखांवर ओळी लिहिलेल्या असतील. दहा हजारांच्या हिशेबाला पाच कोटींवर. काम दहापट वाढलं की कष्ट शंभरपट. खऱ्या फोटोत तुकडे एक-दोन असतात. नियमाप्रमाणे तुकड्याचा क्रमांक एका बाइटात लिहायचा असतो, म्हणून २५५च्या पुढं जाताच येत नाही. पण मुद्दाम बनवलेली फाइल नियम कशाला पाळेल? तिच्यात चिमुकले तुकडे लाखांनी भरले की लायब्ररी वह्या उतरवत बसते. ती बंद पडत नाही, हे महत्त्वाचं. ती इमानानं काम करत असते.

धुळ्यात दुसऱ्या वर्षाला बबल सॉर्ट शिकवताना सरांनी हेच फळ्यावर लिहिलं होतं, एन वर्ग. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क घेतले आणि एसटीत बसून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला घरी आलो. वर्गमूळ-घनमूळ जसं शाळेत राहतं तसं ते तिथंच राहिलं.

आमच्याकडे सुरक्षेच्या सूचना आपोआप येतात आणि त्यांची यादी बनते. यादी मोठी असते. त्यामुळे प्रत्येक दोषाला गुण देतात आणि गुण देताना तीन प्रश्न असतात. कोणी काही चोरून वाचू शकतं का? कोणी काही बदलू शकतं का? कोणी काम बंद पाडू शकतं का? पहिल्या दोनांना 'नाही' आणि तिसऱ्याला 'हो' असेल तर आमच्यासारख्या ठिकाणी लोक सुटकेचा श्वास सोडतात. डेटा गेला नाही ना, मग ठीक आहे. बंद पडलं तर रीस्टार्ट करू. मी तिकिटावर लिहिलं, "फक्त डॉस. पुढच्या तिमाहीत आवृत्ती बदलताना घेऊ." डॉस म्हणजे डिनायल ऑफ सर्व्हिस. 'फक्त' हा शब्द माझा. यात आळस नव्हता असं म्हणणार नाही, पण मुख्यतः ती सवय होती.

दिवाळीला जळगावला गेलो. पाडव्यानंतरचा दिवस, फराळ अंगावर आलेला, भाऊबीजेसाठी मामा आमच्याकडे आलेला. तो आणि वडील केळीच्या भावावर बोलत होते आणि बोलता बोलता मामानं सहज वडिलांना गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. त्या बहात्तर तासांत तो आणि मामेभाऊ आळीपाळीनं जागे राहिले होते, हे मला तेव्हा कळलं. फोटो जातोय का बघायला. एकदा निम्म्याच्या पुढं गेला आणि थांबला, तर मामेभावानं मोबाइल खाली ठेवला नाही, हात हलला तर रेंज जाईल म्हणून. शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पहिल्या दिवशीच नाद सोडला. मामा सांगत होता ते हसत हसत. "मंग काय, सर्व्हरले बी झोप लागस." वडीलही हसले.

मी आत गेलो आणि लॅपटॉप उघडला. का ते नीट सांगता येणार नाही. 'फक्त' डोक्यात बसला होता.

पायथनमध्ये चाळीसेक ओळी लिहिल्या आणि तशी एक फाइल बनवली. दिसायला साधा जेपीजी, व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी सुप्रभात येते तेवढाच निरुपद्रवी. जुन्या आवृत्तीला ती वाचायला दिली. पंखा सुरू झाला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. आई दारात येऊन म्हणाली, "काय व्हई राह्यनं? पेटी जाई ते." मी म्हटलं, काही नाही, एक फोटो वाचतोय. तिनं पडद्याकडे बघितलं. पडद्यावर फोटोबिटो काही नव्हता, काळ्या खिडकीत एक कर्सर लुकलुकत होता. चहा घेऊन आलो तरी तेच. नव्या आवृत्तीला तीच फाइल दिली तर पंखा सुरू व्हायच्या आत संपली.

इथपर्यंत सूचनेत लिहिल्याप्रमाणेच होतं. पुढची पायरी मात्र मी आधी कधी विचारात घेतली नव्हती. कंपनीची चाचणीसाठी वेगळी ठेवलेली हुबेहूब यंत्रणा आहे, खरे ग्राहक तिच्यावर नसतात. टीमच्या ग्रुपवर तसं कळवून तिच्यावर मी तो एक फोटो टाकला आणि त्यामागं साधे शंभर फोटो.

पहिल्या वर्करनं फोटो उचलला आणि अडकला. अपेक्षित होतं. बाकीचे तिघे शंभर फोटो भराभर उरकू लागले, मला बरंही वाटलं. पण आमच्या रांगेत एक नियम आहे. वर्करनं दहा मिनिटांत "झालं" असं कळवलं नाही, तर तो मेला असं समजायचं आणि त्याचा फोटो दुसऱ्याला द्यायचा. वर्कर मध्येच मेला तर कोणाचा फोटो हरवू नये, म्हणून केलेली सोय. पण हा वर्कर मेला नव्हता, वह्या उतरवत होता. दहा मिनिटांनी तोच फोटो दुसऱ्याकडे गेला, तोही बसला. विसाव्या मिनिटाला तिसरा. तिसाव्या मिनिटाला चौथा. मी आणखी शंभर फोटो टाकले. एकही हलला नाही. चारही वर्कर शंभर टक्के कामात आणि रांग जागच्या जागी. रीस्टार्ट केलं. वर्कर ताजेतवाने उठले आणि रांगेत परत आलेला तोच फोटो पहिल्यानं उचलला.

किती वेळा द्यायचा याला मर्यादा नव्हती. एका वाचनाला किती वेळ द्यायचा यालाही नव्हती. तो नियम मी लिहिला होता, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती, कारण त्यानंतर आमच्याकडे एकही फोटो हरवला नाही.

एक्झिव्ह२च्या अशा सूचनांत हल्ल्याची अट अशी असते की, हल्लेखोरानं समोरच्याला फसवून बनावट फाइल वाचायला लावलं पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरवर ही अट थोडी तरी आड येते. आम्हाला फसवायची गरज काय? कोणीही पाठवलेला कुठलाही फोटो वाचणं हाच आमचा धंदा. त्या गुणांच्या यादीत जे लहान दिसत होतं ते लायब्ररीपुरतं लहान होतं. त्याला मोठं करायची यंत्रणा आमच्या घरची होती.

आणि हल्लेखोरच लागतो असंही नाही. २ जुलै २०१९ला क्लाउडफ्लेअर या कंपनीनं स्वतःच्याच सुरक्षानियमांत एक नवीन नियम घातला. मजकुरात काहीतरी शोधणारा तो एका ओळीचा नमुना होता. तो असा लिहिला गेला होता की काही मजकुरावर त्याचे कष्ट असेच बेसुमार वाढत. जगभरातल्या त्यांच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांना जाऊन टेकले आणि सुमारे २७ मिनिटं असंख्य वेबसाइटी उघडेनात. कोणी वाईट चिंतलं नव्हतं. त्यांनी नंतर सगळं सविस्तर जाहीर लिहिलं. अशी प्रामाणिक कबुली वाचली की मला त्या धंद्यातला असल्याचं बरं वाटतं.

माझी कबुली लहान होती, टीमच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये. मी जुनं तिकीट उघडून 'फक्त डॉस' दाखवलं आणि मग चाचणीचा आलेख दाखवला. कोणी ओरडलं नाही. मॅनेजरनं एवढंच विचारलं, "खऱ्या सिस्टमवर झालं असतं तर कोणाला कळलं असतं?" आम्ही बघितलं. वर्कर जिवंत आहेत का, हे आमचा अलार्म बघतो. ते जिवंतच असते. प्रोसेसर कामात आहे का, हेही बघतो. तो तर जोरात कामात. रांग किती वेळ हललेली नाही, हे कोणीच बघत नव्हतं. ते कळलं असतं ते फोन आल्यावर, आणि तो फोन करणाऱ्याकडे आमचा नंबर नसतो. त्याच्याकडे पडद्यावर गोल फिरणारं चाक असतं आणि एखादा पुण्यातला भाचा.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. नवी आवृत्ती घेतली. प्रत्येक वाचनाला वीस सेकंदांची मर्यादा घातली, वेळ संपला की वाचणारी प्रोसेस मारायची. एक फोटो तीनदा अडला तर तो रांगेतून काढून बाजूला ठेवायचा आणि माणसाला दाखवायचा. हा शेवटचा भाग लिहिताना मी अडलो. बाजूला ठेवलेला फोटो खरा असला तर? एखाद्या जुन्या मोबाइलनं विचित्र फाइल बनवली असेल आणि ती कोणाची तरी आडवी झालेली बाग असेल. म्हणून बाजूला ठेवतानाच पाठवणाऱ्याला संदेश जाईल असं केलं : तुमचा फोटो मिळाला आहे, मिळाल्याची वेळ अमुक, तो वाचता आला नाही, आमचा माणूस बघेल. मिळाल्याची वेळ घालायचीच, यावर मी मीटिंगमध्ये जरा जास्तच वाद घातला. सहकारी म्हणाली, एवढं काय त्यात? मी तिला बहात्तर तासांबद्दल सांगितलं.

ती फाइल मी टाकून दिली नाही. ती आमच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये आहे, तिचं नाव 'मामा.जेपीजी'. कोणीही कोडमध्ये काहीही बदललं की ती आधी वाचली जाते आणि दोन सेकंदांत वाचून झाली नाही तर बदल पुढं जात नाही. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाचा बदल तिथं अडला. त्यानं चॅटवर विचारलं, हा मामा कोण आहे?